नाकाड्या माशाचं नाक सोडा, शेपटीखाली बघा

सागरगोटा | शुक्रवार, रात्री ९:४०

तीन दिवसांत मला एकच फोटो सात जणांनी पाठवलाय. निळ्या क्रेटवर आडवा पडलेला चॉकलेटी मासा, हिरवट चमकणारे डोळे, पुढे वीतभर टोकदार नाक आणि शेपूट बर्फात बुडालेली. खाली मजकूर : "ससून डॉकला आज पहाटे सापडला समुद्री राक्षस. प्रलयाची खूण. पुढे पाठवा." सातवा फोटो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा. सोबत प्रश्न, "तुम्ही या लाइनमधले ना? खाल्ला तर चालतो का?"

नोकरीची सुरुवातीची चार वर्षं मी सर्वेक्षणाच्या जहाजावर काढली, त्यामुळे लाइनमधला म्हणायला हरकत नाही. तर ऐका.

हा राक्षस नाही, कायमेरा आहे. मुशी आणि पाकट यांचा लांबचा चुलतभाऊ, आणि तोही इतका लांबचा की घराण्याची वाटणी होऊन चाळीस कोटी वर्षं झाली. हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. इथपर्यंत मुशीसारखंच. पण मुशीला दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा असतात, याला माणसाच्या कानामागे असावी तशी एकेकच फट, वर कातडीचं झाकण. मुशीची कातडी पॉलिश पेपरसारखी, याची अंगावरून हात फिरवा तर गुळगुळीत. मुशीचा वरचा जबडा कवटीपासून सुटा हलतो, याचा कवटीला कायमचा जुळलेला. आणि दात म्हणाल तर मुशीसारखे पडून नवे येणारे दात नाहीतच. वर दोन जोड्या आणि खाली एक अशा चिवट पट्ट्या, जन्मभर वाढणाऱ्या. त्याने तो चिंबोऱ्या नि शिंपले फोडतो.

या कायमेरांची तीन घराणी आहेत. लांब नाकवाल्यांच्या घराण्यात तीनच प्रजाती : हॅरिओटा, रायनोकायमेरा आणि निओहॅरिओटा. आपल्या अरबी समुद्राशी संबंध आहे तो तिसरीचा. आणि गंमत ही, की सगळे बघतात नाक, पण ओळख नाकात नाही. ओळख आहे शेपटीच्या अलीकडे पोटाच्या बाजूला असलेल्या एका छोट्या, सुट्या पराची (पर म्हणजे माशाचा पोहण्याचा पंख). गुदपर म्हणतात त्याला. तो असेल तर निओहॅरिओटा. बाकीच्या दोघींना तो नसतोच.

फोटोत नेमकी शेपूट बर्फात आहे. त्यामुळे मी अंदाज सांगेन, सही करणार नाही.

अर्धा_कप | ९:५२

सही नको, फक्त प्रलय कधी ते सांगा. ईएमआय भरू की नको?

वेसावकरीण | १०:०५

हा मासा ससून डॉकचा नाही, हे मी आत्ताच सांगते. माझे सासरे चाळीस वर्षं तांडेल होते. मुशी, कानमुशी, पाकट, सगळं आमच्या अंगणात सोललंय. असलं नाकाड म्हावरं कुणाच्या जाळ्यात आल्याचं ऐकलेलं नाही. आणि आलं असतं तर आधी वेसाव्यात बोंब झाली असती, मग तुमच्या ग्रुपवर.

मिठाचा_खडा | १०:११

ताई, तुम्ही ऐकलं नाही म्हणजे नव्हतं, असं कसं? समुद्र केवढा! मुंबईच्या ट्रॉलरला एखादा खोल पाण्यातला मासा मिळणं अशक्य का?

सागरगोटा | १०:४०

मिठाच्या खड्या, प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर ताईंच्या बाजूने आहे. कारण समुद्राच्या तळात आहे.

हा मासा साधारण २०० ते ६०० मीटर खोलीवर, तळालगत राहतो. आता मुंबईहून सरळ पश्चिमेला निघा. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, आणि तिथेही पाणी फक्त ७५ मीटर. कोळ्यांच्या भाषेत चाळीस वाव. इतकं पुढे जाऊनही आपण अजून ओसरीतच! मुंबईसमोर समुद्राखालची ही सपाटी जवळजवळ ३०० किलोमीटर पसरलेली आहे. त्यानंतर उतार सुरू होतो आणि तिथे आमच्या नाकाड्याचं घर. मांदेली-बोंबलाच्या डोल-जाळ्याला तर ते जन्मात दिसायचं नाही, पण रोजचा ट्रॉलरसुद्धा तिथवर डिझेल जाळत जाणार कशाला?

कोचीला चित्र उलटं. सपाटी अरुंद, शंभर किलोमीटरच्या आतच कडा लागतो. म्हणून कोची, कोल्लमजवळचं शक्तिकुलंगरा, या बंदरांतले ट्रॉलर खोल समुद्रातल्या कोळंबीमागे क्विलॉन बँक या कोल्लमसमोरच्या मासेमारीच्या पट्ट्यात २०० ते ४०० मीटरवर जाळं ओढतात. कोळंबीबरोबर हे पाहुणे येतात. माझा अंदाज, फोटो तिकडचा.

वेसावकरीण | १०:४८

चाळीस वाव. हे सासऱ्यांना सांगते, खूश होतील. बॉम्बे हायला दिवे दिसले की ते म्हणायचे, 'अजून पाणी कंबरेला'.

शब्दपिसाट | ११:१५

विषय उत्तम, पण धागाकर्त्यांना विनंती. 'कूर्चा' की 'कास्थी'? माझ्या वेळच्या पुस्तकांत कास्थी होतं. आता मुलाच्या वहीत कूर्चा. दुसरं, 'प्रजाती' हा शब्द तुम्ही वरच्या पातळीला वापरलाय, पण वर्तमानपत्रं तोच खालच्या पातळीला वापरतात. वाचणाऱ्याने काय समजायचं?

सागरगोटा | ११:२२

कूर्चा, कास्थी, दोन्ही तेच. कानाची पाळी वाकवून बघा, ती. 'प्रजाती' मी एका आडनावाच्या अर्थी वापरतो, आणि त्यातल्या एकेकाला 'जात' म्हणतो. निओहॅरिओटा हे आडनाव, पिन्नाटा हे नाव. वर्तमानपत्रांशी भांडायला माझ्यात दम नाही.

कूपमंडूक | शनिवार, सकाळी ७:३०

बी.एस्सी.ला झूलॉजी होतं. आमच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये फॉर्मॅलिनच्या बरणीत एक कायमेरा होता, नाक लांब नव्हतं, सशासारखं तोंड होतं. प्रॅक्टिकलला स्पॉट म्हणून ठेवला आणि मी 'शिंगाळा, काटा तुटलेला' लिहून आलो. तीस वर्षं झाली, अजून टोचतं. पण कायमेरा हे नाव का? आणि हॅरिओटा म्हणजे काय?

सागरगोटा | सकाळी ८:१०

बरणीतला बहुतेक आखूड नाकाच्या घराण्यातला असणार, त्यांचं तोंड खरंच सशासारखं. आणि शिंगाळा लिहिलंत ते अगदीच वावगं नाही. कायमेराच्या पहिल्या पाठपराच्या पुढे एक उभा राहणारा काटा असतो, आणि त्याला विषाची ग्रंथी. शिंगाळ्याचा काटा लागलेला माणूस हे वाचून हात झटकेल.

कायमेरा हे ग्रीक कथांतलं जनावर. सिंहाचं तोंड, बकरीचं धड, सापाची शेपूट. आपल्याकडचं उदाहरण हवं तर गडांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ बघा, तोही असाच चार ठिकाणांहून गोळा केलेला. स्वीडिश जीवशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये या माशाला कायमेरा मॉन्स्ट्रोसा असं नाव दिलं. म्हणजे राक्षस म्हणण्यात तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या आधी लिनिअसचा नंबर.

हॅरिओटा हे नाव मला फार आवडतं. १८९५ मध्ये गुड आणि बीन या दोन अमेरिकनांनी ते ठेवलं, थॉमस हॅरिअट याच्या नावावरून. इंग्लंडच्या वॉल्टर रॅलेने अमेरिकेत वसाहत करायला माणसं पाठवली, त्यांत हा होता, आणि तिथल्या झाडापाल्याचं, प्राण्यांचं वर्णन त्याने १५८८ मध्ये छापलं. म्हणून त्यांच्या माशाचं पूर्ण नाव हॅरिओटा रॅलेयाना. मालक आणि नोकर दोघंही एका माशात! याच हॅरिअटने १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण छापलं नाही, म्हणून नाव गॅलिलिओचं झालं.

पुढे १९३१ मध्ये नैऋत्य आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या नामिबियाच्या बाजूचा एक मासा श्नाकेनबेक या जर्मन माणसाने हॅरिओटातच घातला आणि त्याला पिन्नाटा म्हटलं. पिन्नाटा म्हणजे पर असलेला. मग १९५० मध्ये बिगेलो आणि श्रोडर यांनी त्याला बाहेर काढून नवी प्रजाती केली, निओहॅरिओटा, नवा हॅरिओटा. आडनाव बदलण्याचं कारण मुख्यतः तो शेपटीखालचा पर. एवढ्याशा पराने घर वेगळं झालं.

मिठाचा_खडा | सकाळी ८:३०

एका पराने घर वेगळं होत असेल तर उद्या नाकाच्या मिलिमीटरवर पण होईल. बाकी फरक काय?

सागरगोटा | सकाळी ९:०५

रास्त शंका. एकाच खुणेवर कुणी आडनाव देत नाही.

रायनोकायमेराचं तोंड उघडा. दातांच्या पट्ट्या गुळगुळीत, कडेला धार, जणू विळी. हॅरिओटा आणि निओहॅरिओटाच्या पट्ट्यांवर मात्र कठीण उंचवटे असतात, पाट्यासारखे, टाकी लावलेल्या. म्हणजे दातांच्या बाबतीत निओहॅरिओटा हॅरिओटाच्या जवळचा आणि शेपटीच्या बाबतीत दोघींपेक्षा वेगळा. दुसरं, रायनोकायमेराच्या शेपटीच्या वरच्या कडेला ओळीने खडबडीत गाठी असतात, करवतीचे बोथट दाते म्हणा. ही खूण मला सर्वांत सोपी वाटायची, कारण अंधारात ओल्या डेकवर नुसतं बोट फिरवूनही कळतं.

आणि हो, सोंडमाश्याचं घराणं वेगळंच. त्याला नाकाच्या टोकाला नांगराच्या फाळासारखा लोंबता तुकडा असतो, आणि तो दक्षिण गोलार्धातच सापडतो. त्यालाही गुदपर असतो. म्हणून 'गुदपर म्हणजे निओहॅरिओटा' हे फक्त लांब नाकवाल्यांत चालतं, सगळीकडे लावू नका. आखूड नाकवाल्यांतही एका प्रजातीला तो आहे, दुसरीला नाही. एकाच खुणेवर विश्वास टाकू नये, हे तुमचं म्हणणं इथे लागू पडतं बघा.

साडेआठची_लोकल | सकाळी ९:२०

नाक कशाला आहे मग? टोकदार आहे, म्हणजे भोसकायला का?

सागरगोटा | सकाळी ९:४५

भोसकायला नाहीच. दाबलं तर वाकतं. नाकाच्या आत-बाहेर बारीक छिद्रांचं जाळं, त्यांत जेलीसारखा पदार्थ. मुशीलाही ही असतात. जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून निघणारी अगदी क्षीण वीज त्यांनी कळते. ४०० मीटरवर उजेड जवळजवळ नाहीच. चिखलात दडलेली चिंबोरी डोळ्याला काय दिसणार? तर हा नाक पुढे धरून तळावरून सरकतो, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसासारखा. आणि पोहतो शेपटीने नाही, छातीच्या दोन परांनी, पाखरासारखे पंख हलवत. शेपूट मागे दोरीसारखी लोंबते.

ती दोरी तुटतेही सारखी. म्हणून आम्ही कायमेरा मोजताना पूर्ण लांबीवर भरवसा ठेवत नव्हतो. नाकही मोडतं, शेपूटही. त्याऐवजी कल्ल्याच्या फटीपासून शेपटीचा वरचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर घ्यायचं. एकदा एका नव्या पोराने मोडक्या शेपटीसकट लांबी लिहून दिली. वरिष्ठांनी वही माझ्यासमोर आपटली. पोर मीच होतो, सांगायला हरकत नाही आता.

वेसावकरीण | दुपारी १:१५

पोटात बोत असतं का? घोळीसारखं? लोक सोन्याच्या भावाने घेतात म्हणून विचारते.

सागरगोटा | दुपारी १:४०

नाही ताई, बोत म्हणजे पोटातली हवेची पिशवी याला नाहीच. मुशीलाही नसतं. तरंगायला मोठं तेलकट यकृत. त्यामुळे घोळीच्या बोतात कोंडलेली हवा वर येताना फुगते, तसं काही याचं होत नाही, एवढ्या खोलीवरून वर आला तरी धड येतो. आणखी एक, याला पोट म्हणून जी पिशवी असते तीही नाही. अन्ननळीतून सरळ आतड्यात. बरगड्याही नाहीत.

कूपमंडूक | दुपारी २:३०

पोट नाही, बरगड्या नाहीत, हाडं नाहीत. मग उरलं काय? नाक आणि अहंकार.

चाळकरी | दुपारी ३:१०

मी या विषयातला नाही, पण एक वाचलेलं आठवतं. २०१४ मध्ये सोंडमाश्याचा पूर्ण जनुकसंच वाचला होता, सिंगापूरच्या ब्यारप्पा वेंकटेश यांच्या गटाने. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत तेव्हापर्यंत पाहिलेला सर्वांत संथ बदलणारा जनुकसंच, सिलाकँथ या पुरातन घराण्यातल्या माशापेक्षाही संथ. आणि हाड बनवायला लागणारा जनुकांचा एक गट त्यात नाहीच. हे खरं आहे का, की तेही व्हॉट्सअ‍ॅप?

सागरगोटा | दुपारी ३:२५

खरं आहे. तेवढ्याच साठी मी कूर्चेला 'कच्चं हाड' म्हणत नाही. ही मंडळी अर्धवट राहिलेली नाहीत, त्यांची वाटच वेगळी.

अर्धा_कप | दुपारी ३:४०

कपाळावर शेंबडासारखं काय आहे फोटोत? झूम केलं तर टोकाला काटे दिसतात.

सागरगोटा | दुपारी ४:०५

शाब्बास. सात जणांनी फोटो पाठवला, बघितला फक्त तुम्ही. मीही नाही.

म्हणजे हा नर आहे. नर कायमेराच्या कपाळावर एक आकडा असतो, खोबणीत मिटवून ठेवता येतो असा, आणि त्याच्या टोकाला काटे. मीलनाच्या वेळी मादीचा छातीचा पर त्याने पकडून ठेवतो. हे कमी म्हणून पोटाच्या परांपुढे आणखी एक जोडी आकडे, आणि मुशीसारखे मागचे दोन दांडे (नराची मीलनाची इंद्रियं) वेगळे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ठिपकेवाल्या कायमेरावर अभ्यास झाला, त्यात दिसलं की कपाळावरचे ते काटे कातडीचे खवले नसून खरे दात आहेत, जबड्यातल्यासारखेच उगवणारे. कपाळावर दात! शरभ कोरणाऱ्यालाही हे सुचलं नसतं.

अंडी मादी बहुतेक जोडीने, चिवट शिंगासारख्या कवचांत तळावर सोडते. पिल्लू त्यात महिनोन्‌महिने वाढतं. म्हणूनच कोळंबीच्या जाळ्यातून हे सारखे निघत राहिले तर भरपाई पटकन होत नाही. बांगडा तारलीसारखं नाही ते.

साडेआठची_लोकल | रविवार, सकाळी ११:००

बातमी! माझे मेव्हणे कोचीला मत्स्यनिर्यातीच्या कामात आहेत. त्यांना फोटो पाठवला तर हसायला लागले. तिथल्याच बंदरातला आहे, त्यांच्या सहकाऱ्याने तीन आठवड्यांपूर्वी काढलेला. मुंबईचं नाव नंतर कुणीतरी चिकटवलं. त्यांच्याकडे त्याच माशाचा दुसरा फोटो आहे, बर्फातून बाहेर काढलेला, शेजारी मोजपट्टी. खाली टाकतोय.

सागरगोटा | सकाळी ११:२०

आता सही करतो.

शेपटीच्या अलीकडे, खालच्या बाजूला, टोकदार छोटा पर स्पष्ट दिसतोय, आणि त्याच्या नि शेपटीच्या पराच्या मध्ये खाच. निओहॅरिओटा. शेपटीच्या वरच्या कडेला गाठी नाहीत.

आता जात. या प्रजातीत तीन जाती. कॅरी कॅरिबियन समुद्रातली, ती १९६६ मध्ये नोंदली, ती बाद. उरल्या दोन, पिन्नाटा आणि पुमिला, दोन्ही अरबी समुद्रात. पुमिला म्हणजे बुटकी, १९९६ मध्ये वेगळी केलेली, लहान चणीची. मोजपट्टीवर हा मासा शेपटीच्या दोरीशिवायच मीटरभर आहे आणि मागचे दांडे पूर्ण वाढलेले, म्हणजे पोर नव्हे, बाप्या. एवढा मोठा पुमिला होत नाही. म्हणून पिन्नाटा.

लहान मासा असता तर मी नुसत्या लांबीवरून काही बोललो नसतो. पिन्नाटाचं पोरही लहानच असतं.

मिठाचा_खडा | सकाळी ११:३१

मान्य. वेसावकरीण ताई, माफी.

वेसावकरीण | सकाळी ११:५०

माफी कसली, नारळी पौर्णिमेला या जेवायला. मुशीचं कालवण करते. चांगली धुऊन, उकळत्या पाण्यात कातडी सोलून, आगळ घालून. नाहीतर तो उग्र वास जात नाही.

सागरगोटा | दुपारी १२:१०

तो वास युरियाचा. समुद्राचं खारं पाणी अंगातलं पाणी ओढून नेऊ नये म्हणून मुशी आणि पाकट रक्तात युरिया साठवून ठेवतात. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. कायमेराचंही तेच, म्हणून त्याला भाव नाही. सेक्रेटरींच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचंय, मेव्हण्यांना विचारा ना, त्या माशाचं पुढे काय झालं?

साडेआठची_लोकल | दुपारी १२:४५

विचारलं. यकृत तेलासाठी काढलं, बाकी फिशमीलला गेलं. काटा लागला एका पोऱ्याला, बोट दोन दिवस सुजलं होतं.

सागरगोटा | संध्याकाळी ६:३०

सेक्रेटरींना सगळं लिहून पाठवलं : मुंबईचा नाही, राक्षस नाही, निओहॅरिओटा पिन्नाटा, नर, कोचीचा, खाण्यात मजा नाही. त्यांचा अंगठा आला. पाच मिनिटांनी तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, नव्या मजकुरासह : "कोचीला सापडला समुद्री राक्षस. कपाळावर दात. पुढे पाठवा."

अर्धा_कप | संध्याकाळी ६:३४

निदान बंदर बरोबर झालं. आणि दातही.